तिसऱ्या थराखाली

१

सुटून आलेल्या थराची खालची बाजू चकचकीत होती.

नेड्रा कोल्स्टाडने तो तुकडा खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. फायबरचं कापड आणि रेझिन यांचा थर, तळहाताएवढा. नीट चिकटलेला थर ओरबाडून काढला की खालच्या थराचे धागे उपटून सोबत येतात. याच्यासोबत एकही धागा आला नव्हता. चॉकलेटवरचा कागद निघावा तसा तो अलगद निघाला होता.

तुकडा जिथून निघाला ती स्की तिच्या अंगणात दोन ठोकळ्यांवर पालथी पडली होती. उभं राहून चालवायची लाल जेट-स्की. पाणबुड्यांनी ती अ‍ॅरिझोनातल्या हवासू तलावाच्या तळातून काढली, त्याला आता तीन आठवडे झाले होते. तिचा मालक गॅरेट योस्ट त्याआधीच सापडला होता, पाण्यावर तरंगताना. अंगातल्या जॅकेटने त्याला बुडू दिलं नाही. फेब्रुवारीतल्या बर्फगार पाण्याने मारलं. स्की तरंगत राहिली असती तर तो तिच्यावर चढून बसला असता आणि तो लाल ठिपका काठावरून कोणालाही दिसला असता. नुसतं डोकं लाटांमध्ये दिसत नाही.

"तो मूर्ख होता, असं सगळे म्हणतायत," मारिबेल योस्ट म्हणाली. ती दारातच उभी होती. आत ये म्हटलं तरी येत नव्हती. "स्कीतला फोम काढून टाकला आणि त्याच्या जागी हवेच्या पिशव्या घालायचा आळस केला, म्हणून मेला. डेलियाला शाळेत एक पोरगा म्हणाला, तुझ्या बाबाला दोन फुगेसुद्धा फुगवता आले नाहीत. सात वर्षांची आहे ती, मिस नेड्रा."

"पोरं आईबापांचंच बोलणं शाळेत नेतात."

"शुक्रवारी जेट-स्की क्लबची सभा आहे. ठराव करणार आहेत. 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' एकदा ते कागदावर आलं की झालं. तुम्ही बोलाल का?"

नेड्राने तुकडा टेबलावर ठेवला. तीस वर्षं तिने विमानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. मोडलेल्या वस्तूंना का मोडलात म्हणून विचारणं हेच तिचं काम होतं. म्हणून तर शेरीफच्या डेप्युटीने स्की तिच्याकडे आणून टाकली होती. तोही दर सोमवारी फोन करून काय कळलं ते विचारायचा आणि दर सोमवारी ती हेच सांगायची.

"अजून बघतेय."

मारिबेलने टेबलावरच्या तुकड्याकडे बोट केलं. "तुमच्या भावाचं वर्कशॉप मध्ये येतं म्हणून बघताय, की खरंच बघताय?"

२

मारिबेलच्या घराशेजारी गाडी उभी करायचं छप्पर होतं, तीन बाजूंनी उघडं. खालच्या खडीत अजून पिवळा चुरा दिसत होता.

"फोम इथेच काढला?"

"नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत. स्कीच्या पोटात दोन्ही बाजूंनी ठासून भरलेला असतो तो. करवतीने कापायचा, खरवडायचा, पुन्हा कापायचा. घरभर पिवळं झालं होतं. डेलियाच्या केसांत, टर्कीवरसुद्धा." मारिबेल हसल्यासारखं करून थांबली. "पिळला की पाणी गळायचं. म्हणायचा, मारी, इतकी वर्षं मी अख्खी आंघोळ पाठीवर घेऊन उड्या मारतोय."

म्हणूनच तर काढतात. जुना फोम पाणी पितो आणि जड होतो. पण पोट रिकामं केलं की अंग लेचंपेचं होतं, म्हणून आतून फायबरचे थर चढवायचे. आणि बुडू नये म्हणून दोन्ही बाजूंना हवेच्या लांब पिशव्या पट्ट्यांनी आवळायच्या. हवासूत हे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

"थर किती चढवले?"

"इथे एकच. भर दुपारी, वाऱ्यात. मी दिवा धरून होते, कारण हा आत डोकं खुपसून बसलेला. मग नाताळात मनगट मोडून घेतलं. बाकीचे थर द्यायला तुमच्या भावाकडे, मर्लकडे नेली. जानेवारीत."

जानेवारीत स्की माझ्याकडे आलीच नाही, मी फक्त रेझिन विकलं, असं मर्लने डेप्युटीला लिहून दिलं होतं.

"आणि पिशव्या?"

"त्या त्याने इथेच बसवल्या होत्या, पहिला थर वाळल्यावर. एका हाताने पट्ट्या ओढल्या, दुसऱ्याने स्वतःला शाबासकी दिली. फुगवल्या मी. पंप मोडका होता, तोंडाने फुगवल्या. चक्कर येऊन खडीवर बसले, तर हा हसतोय."

बायका मेलेल्या नवऱ्यासाठी खोटं बोलतात. नेड्राला ते ठाऊक होतं आणि तिने ते मनात बाजूला नोंदवून ठेवलं. घरी येऊन तिने स्कीच्या पोटात टॉर्च मारला. पट्ट्या ओवायच्या चार नायलॉनच्या कड्या पहिल्या थराखाली पक्क्या बसवलेल्या होत्या. पिशव्या नव्हत्या, पट्ट्याही नव्हत्या. तिने भिंग लावलं. चारही कड्यांवर एकाच दिशेची खोल घडी पडलेली होती आणि घडीवरचे धागे दाबून चपटे, तुळतुळीत झाले होते.

रिकाम्या कडीला घडी पडत नाही. तिच्यातून पट्टा गेला होता, ताणून, कित्येक आठवडे.

म्हणजे पिशव्या होत्या. आणि कोणीतरी त्या काढल्या होत्या.

३

"या या, प्रोफेसर!" ब्रँट ओक्विस्टने गॅरेजचं दार वर ढकललं. "आज कोणाचं पोस्टमॉर्टेम?"

ब्रँट आणि गॅरेट गेली दहा वर्षं एकमेकांना हरवत आले होते. शेवटची स्पर्धा जानेवारीच्या अखेरीस झाली. ब्रँट पहिला आला होता आणि हात प्लास्टरमध्ये असलेला गॅरेट काठावर बसून शिट्ट्या मारत होता.

"गॅरेटच्या पिशव्या कुठे गेल्या?"

"होत्या कुठे त्याच्याकडे? सगळ्यांना माहितीये, फोम काढला आणि..."

"होत्या. मी बघितलंय."

ब्रँटने स्टुलावरचा पाना उचलला, पुसला आणि पुन्हा तिथेच ठेवला. कोपऱ्यात विजेवर चालणारा हीटर होता. नेड्राने तेवढं पाहून घेतलं.

"तुझी स्की उघडून दाखव."

"कशाला?"

"तूही फोम काढलायस. स्पर्धेच्या तपासणीत पिशव्या दाखवल्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत. तुझ्या बघू दे."

त्याने स्की उघडली नाही. स्टूल ओढून रस्त्याकडे तोंड करून बसला.

"नाहीयेत. कोणाकडेच नसतात, प्रोफेसर. पिशव्या घातल्या की स्की हवेत गिरकी घेताना जड वाटते. म्हणून एक जोडी असते. सगळ्यांत मिळून. तपासणीच्या सकाळी या स्कीतून त्या स्कीत. तपासणारा आत बघतो, मान डोलावतो, आपण पार्किंगमध्ये जाऊन काढतो आणि पुढच्याला देतो. इथे सगळे हेच करतात. तपासणाऱ्यालाही माहीत असतं."

"गॅरेटही?"

"छे. आम्ही त्याला म्हातारी म्हणायचो. पोरगी झाल्यापासून असा झाला होता. त्याच्या पिशव्या त्याच्याच. पण या वर्षी आमची जोडी फाटली." त्याने मान खाली घातली. "त्याची स्की तेव्हा वर्कशॉपमध्ये होती, थर द्यायला. पिशव्या खिळ्याला टांगलेल्या. हा घरी, हात गळ्यात. मी मागितल्या. मिळाल्या. तपासणी झाली आणि त्याच संध्याकाळी परत नेऊन दिल्या. देवाशप्पथ."

"कोणाच्या हातात दिल्यास?"

"हे तुम्ही मला का विचारताय?" ब्रँट आता तिच्या डोळ्यांत बघत होता. "जा आणि भावाला विचारा."

४

मर्लचं वर्कशॉप नदीकडच्या रस्त्यावर होतं. वारा सुटला की वाळू आत येते, म्हणून दारं बंद. आत गॅसचा भलामोठा हीटर धडधडत होता, विमानाच्या इंजिनासारखा.

"नेड! दोन महिन्यांनी आठवण झाली भावाची?" मर्लने स्वतःच्या कपातली कॉफी अर्धी करून तिच्यासाठी ओतली. लहानपणापासून तो प्रत्येक गोष्ट अशी अर्धी करायचा. आई गेल्यापासून तिला या गावात दुसरं कोणी नव्हतं, आणि त्यालाही. "खाल्लंस का काही? बरिटो आहे, कालचा."

"नको. गॅरेटची स्की इथे होती का रे जानेवारीत?"

"पुन्हा तेच! डेप्युटीला दिलंय ना लिहून. तिन्ही थर त्याने घरीच दिले, त्या छपराखाली. हौशी माणसं. निघाला थर, फाटली स्कीची कड, शिरलं पाणी. मी काय करू?"

"मनगट मोडलेलं होतं त्याचं."

"डावं. उजव्याने दिले असतील."

नेड्रा बोलत बोलत भिंतीकडे गेली. तिथे कोणाची तरी दुसरी एक स्की पोट उघडं करून वाळत ठेवली होती. तिने बोट ओलं केलं आणि थरावर फिरवलं. बोट घसरलं. साबणावरून फिरवल्यासारखं.

"हा कधीचा?"

"कालचा. आज त्यावर पुढचा चढवणार."

"आधी काय करतोस?"

"काय म्हणजे? अ‍ॅसिटोनचा फडका."

"पाण्याने धुतोस?"

मर्ल मोठ्याने हसला. "पाण्याने? अगं, अ‍ॅरिझोना आहे हा! हवेत थेंब नाही. ते समुद्रकाठच्या लोकांचे सोपस्कार. तीस वर्षांत इथे कोणी थर धुतला नाही आणि कोणाचा निघाला नाही."

तो खरं बोलत होता आणि तीच त्याची चूक होती. रेझिन वाळताना हवेत ओल आणि कार्बन डायऑक्साइड असला, तर त्याच्या अंगावर मेणासारखी साय धरते. ती साध्या पाण्याने जाते. अ‍ॅसिटोनने नुसती पसरते. वाळवंटातल्या उघड्या हवेत साय धरतच नाही, म्हणून इथल्या माणसांना तिची ओळखच नाही. पण बंद दाराआड धुराड्याशिवाय गॅस जळत असला, तर ज्योत तासन्‌तास नेमक्या याच दोन गोष्टी खोलीत सोडत असते. मर्लने आपल्या वर्कशॉपमध्ये एक छोटा समुद्रकिनारा तयार केला होता.

नेड्राने कप खाली ठेवला. कॉफीला हात लावला नव्हता.

"निघालीस? नेड, तू शुक्रवारी काय बोलणार आहेस?"

"अजून बघतेय," ती म्हणाली.

आणि या वेळी मात्र तिला नेमकं काय बघायचं आहे ते माहीत होतं.

५

एक अडचण होती. स्की तलावाच्या तळाशी पडून होती. साय असलीच, तर पाण्याने ती कधीच धुवून नेली असणार.

पण सगळा थर निघाला नव्हता. पुढच्या टोकाला हातभर पट्टा अजून चिकटून होता आणि त्याच्या मधल्या भागापर्यंत पाणी पोचलं नसावं. नेड्राने तिथला चौकोनी तुकडा कापला आणि स्वयंपाकघरात आणला. शेजाऱ्यांकडून पोहण्याच्या तलावाचं पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या घेतल्या. हवासूत मीठ नसलेलं घर सापडेल, त्या पट्ट्या नसलेलं सापडणार नाही.

तुकड्यात तीन थर होते. तिने पातळ पात्याने पहिला आणि दुसरा वेगळा करायचा प्रयत्न केला. थर फाटले, धागे उपटले, पण सुटले नाहीत. फाटलेल्या जागेवर तिने शुद्ध पाण्याचा थेंब टाकला आणि पट्टी टेकवली. रंग बदलला नाही.

मग दुसरा आणि तिसरा. पातं नुसतं टेकवलं आणि तिसरा थर सुटून ताटलीत पडला, चकचकीत. थेंब. पट्टी.

पट्टी गडद किरमिजी झाली. ती साय अल्कधर्मी असते आणि पट्टी नेमकं तेच दाखवते.

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग खुर्चीत बसून तिने सगळं मनाशी क्रमाने मांडलं.

पहिला थर उघड्या हवेत वाळला होता. तो मारिबेलच्या छपराखालचा. दुसरा थर बंद खोलीत, गॅसच्या ज्योतीशेजारी वाळला. छपराला तीन बाजूंना भिंती नव्हत्या आणि ब्रँटच्या गॅरेजमधला हीटर विजेवर चालतो. त्या सायीवर तिसरा थर चढला तो न धुता, आणि म्हणून तो कधी चिकटलाच नाही. स्की मर्लकडे होती. मर्लने ते खोटं सांगितलं. आणि वाईट थर दिला एवढीच गोष्ट असती, तर त्याला खोटं बोलायचं कारण नव्हतं. थर कोणाचाही निघू शकतो. वाईट थराने पाणी आत येतं, पण पिशव्या असल्या तर स्की पाण्याने भरूनही तरंगत राहते. मर्लला थर लपवायचा नव्हता. स्की आपल्याकडे होती म्हटलं, की पुढचा प्रश्न पिशव्यांचा आला असता.

तिने त्याला फोन लावला.

"पिशव्या कुठे आहेत, मर्ल?"

पलीकडे हीटरची धडधड ऐकू येत होती. मग ती बंद झाली. त्याने मुद्दाम बंद केला असावा.

"कापून कचऱ्यात टाकल्या," तो म्हणाला. "तो सापडला त्या दिवशी."

६

तो अर्ध्या तासात तिच्या अंगणात हजर झाला. लाल स्कीकडे पाठ करून उभा राहिला.

"ब्रँटने परत आणून दिल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी, अजून दोघांची तपासणी होती. म्हटलं, राहू देत खिळ्याला. गॅरेटचं प्लास्टर निघायला वेळ आहे. मग एक दिवस तो अचानक येऊन स्की घेऊन गेला. मी नव्हतो, कामावरच्या पोरांनी दिली."

"कळल्यावर फोन का नाही केलास?"

"करणार होतो."

"कधी?"

मर्लने खांदे उडवले. "विसरलो, नेड. काम होतं. आणि त्याने आत बघायला हवं होतं की नाही? पाण्यात उतरण्याआधी झाकण उघडून एकदा बघायला काय होतं?"

"त्याने स्वतःच्या हाताने आवळल्या होत्या," नेड्रा म्हणाली. "म्हणून नाही बघितलं. तुम्ही बाकीचे दर वेळी बघता, कारण तुम्हाला माहीत असतं की आत काही नाही."

मर्लने आवाज खाली आणला. लहानपणी काही फोडलं की तो असंच बोलायचा. "ऐक. मेलेल्या माणसाला कोणी मूर्ख म्हटलं तर काय फरक पडतो? मी जिवंत आहे. वर्कशॉप गेलं तर या वयात मला कोण काम देणार? आणि माझं एकट्याचं नाही, त्या सभेतला प्रत्येक जण त्या खिळ्यावरून पिशव्या घेऊन गेलाय. तू बोललीस तर या गावात तुला कोणी गुड मॉर्निंगसुद्धा म्हणणार नाही."

"माहितीये."

"आपण दोघंच आहोत, नेड."

तो गेला तेव्हा तिला वाटलं, हाक मारावी. मारली नाही.

शुक्रवारी दुपारी क्लबचा हॉल भरला होता. अध्यक्ष हर्शेल स्वतः स्पर्धांची तपासणी करायचा. त्याने चष्मा लावून ठराव वाचला. गॅरेट योस्ट हा उमदा खेळाडू होता, पण फोम काढल्यावर आवश्यक पिशव्या न बसवल्यामुळे, म्हणजे स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. पुढच्या रांगेत मारिबेल ताठ बसली होती. डेलियाला तिने आणलं नव्हतं. भिंतीपाशी डेप्युटी फुएन्टेस टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. मर्ल मागच्या खुर्चीत होता आणि त्याच्या शेजारी ब्रँट.

"कोणाला काही बोलायचंय?" हर्शेलने चष्म्यावरून पाहिलं आणि कोणी बोलायच्या आत म्हणाला, "नाही? मग मताला टाकू."

"एक प्रश्न आहे," नेड्रा उभी राहिली. "या हॉलमध्ये फोम काढलेल्या स्की किती जणांच्या आहेत?"

हात वर गेले. बरेच. काहींनी हसत वर केले.

"आता यांपैकी ज्यांच्या स्वतःच्या पिशव्या आहेत, त्यांनी हात तसेच ठेवा."

हसू मावळलं. एकेक हात खाली आला. शेवटचा हर्शेलच्या भावाचा होता. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि तोही खाली घेतला. कोणी खोकलं. मागून एक आवाज आला, "हे काय नाटक आहे?" दुसरा म्हणाला, "बस खाली, म्हातारे. तुला पाण्यातलं काय कळतं?"

"पाण्यातलं नाही कळत," नेड्रा म्हणाली. "या सगळ्यांत एकाच माणसाने पिशव्या घेतल्या होत्या आणि आवळून बांधल्या होत्या. त्यालाच तुम्ही निष्काळजी लिहिताय."

मारिबेलने मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. एवढ्या उशिरा का, असं तो चेहरा विचारत होता.

"मिस कोल्स्टाड," हर्शेल घाईने म्हणाला, "तपास अजून पुरा झालेला नाही असं तुम्हीच सांगत होता. आपण हे पुढच्या सभेत घेऊ. तोवर तुम्ही बघा नीट."

तीन आठवडे ती याच एका शब्दाआड बसली होती. आता तोच शब्द तो तिला परत देत होता, आणि तो घेणं किती सोपं होतं ते तिला दिसत होतं. मागच्या खुर्चीत मर्ल किंचित पुढे झुकला होता. त्याने मान हलवली. नको.

नेड्रा भिंतीकडे वळली.

"डेप्युटी, लिहून घ्या. माझं बघून झालंय. स्की माझ्या भावाच्या वर्कशॉपमध्ये होती, पिशव्या त्याने परत घातल्या नाहीत आणि नंतर कापून फेकल्या. मी मर्लविरुद्ध साक्ष देणार आहे."